पांढऱ्या काजळला घेऊन अकोटला

प्रवासात पाण्याची बाटली घ्या, हे मागच्या वेळीही सांगितलं होतं, विसरलाच असाल. मीही चष्मा घरी राजापेठेतच विसरले. लिहिता-वाचता येत नाही म्हणून अडलं नाही, एवढंच. हे नात टाइप करते आहे.

जायचं कारण काजळ. वरातीची माझी घोडी. माझे गुडघे गेले, तिला फिरवणार कोण? अकोटची रहमतबी घोडी जिवापाड जपते. पण तिची अट एकच : घोडीच्या नोंदणीचा कागद जुळला तरच ठेवीन.

गोची तिथेच. काजळ जन्मली काळीकुट्ट, आता दुधासारखी पांढरी. शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस पाहून मी तेव्हाच म्हटलं होतं, ही सब्जी आहे, मोठेपणी पांढरी होईल. नोंदणारा म्हणाला, "आजी, दिसते तेच लिहितो." मी अंगठा उठवून मोकळी झाले.

सकाळी टेम्पो निघाला. भाडं जाऊन-येऊन ठरवा. दर्यापूरला आलूबोंडा खाल्ला. वरचा तिखट रस्सा, तर्री, जपून घ्या. पुढच्या खड्ड्यांत काजळ चार पायांवर उभी, मी दोन्ही हातांनी टेम्पोला धरून. कोण जास्त थकलं, विचारू नका.

रहमतबीनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून ठेवलं होतं. अंगणातच त्यांनी कागद पाहिला. "आजी, यात तं काळी लिहिलं हाय."

"तुमचे केस राहतीन का जलमभर काळे?"

"बहना, जबान नको चालवू," रहमतबी म्हणाली, "सबूत दे."

कागदावर घोडीचं चित्र होतं. चित्र मलाही कळतं. मी आयाळ उचलली. मानेवर केसांचा जोडभोवरा, चित्रात होता तिथेच. मग पाठ ओली केली. पांढऱ्या केसांखाली कातडी काळी.

"रंग बदलते बाई, भोवरा नाई."

बाईंनी बोट फिरवून पाहिलं, हसल्या. "मंग पांढरी लिहू?"

"सब्जी लिहा. पांढरी लिहान तं लोक गुलाबी कातडीची नुकरी समजतीन."

या वेळी बाईंकडून दोनदा वाचून घेतलं, मगच अंगठा दिला. रहमतबीनं दावं हातात घेतलं. काजळनं मागं वळून पाहिलंही नाही, निमकहराम.

परतताना रिकामा टेम्पो फार वाजतो. घरी आल्यावर सवयीनं चणे भिजत घातले, आणि मग ओसरीवर नुसती बसून राहिले.

तुमच्यापैकी कोणी अकोटला जाणार असेल, तर माझ्यासाठी काही आणू नका. काजळला चणे न्या, रात्रभर भिजवलेले. तिचा एक दात हलतो. रहमतबीला सांगायचं मी विसरले.