दाजींचा कॅमेरा आणि आमचा बोकड

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांइतका कॅमेऱ्यातला जाणकार माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका फोटोच्या कामाला निरुपयोगीही. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. राहायला तुळजापुरात, नोकरीतून निवृत्त. घरात बसून काय करायचं म्हणून त्यांनी मोठ्या सेन्सरचा, बिनआरशाचा, कोट्यवधी ठिपक्यांचा कॅमेरा घेतला. घ्यायच्या आधी दोन वर्षं वहीत फायदे-तोटे लिहून तोलले. घेतल्यावर तरी थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत. पान वाढलं की वही उघडून सुरू, "अक्का, फायदा असा, की मुंगीचे पाय मोजून घ्या. तोटा असा, की हात जरा हलला तर तेही दिसतं." म्हणून ते श्वास रोखून फोटो काढतात. भाच्याच्या साखरपुड्यात त्यांचं तोंड इतकं लाल झालं की व्याही घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. लेन्स बदलताना आत धूळ जाते, म्हणून घरातले पंखे बंद करायला लावतात. तेही मे महिन्यात. बटण दाबल्याचा आवाज येत नाही हा फायदा. त्यामुळं फोटो निघाला हे कुणाला कळत नाही आणि माणसं ओठ ताणून उभीच राहतात. आणि हा कॅमेरा जनावराचा डोळा म्हणे आपोआप ओळखतो. दाजींना मात्र समोरच्या बाईनं वटारलेला डोळा आजवर ओळखता आलेला नाही.

मी अणदूरजवळ शेळ्या पाळते. आपल्या भागातल्या, काळ्याभोर. त्यांतला पैदाशीचा बोकड सरपंच. कुठंही गर्दी दिसली की पुढं जाऊन उभा राहायचा, म्हणून ते नाव. दोन वर्षांत गोठ्यात त्याच्याच पोरी वयात आल्या. आता त्याला त्यांच्यात ठेवणं बरोबर नव्हतं, आणि वेगळा बांधला तर तो दोनदा कूड मोडून आत शिरला. त्याला दुसऱ्या कळपात द्यायचं, नाहीतर खाटकाला. येरमाळ्याच्या एका बाईंना पैदाशीसाठी बोकड हवा होता. मी मोबाईलवर गोठ्यातलाच फोटो काढून पाठवला. त्यांचा फोन आला.

"बाई, ह्यो बोकड हाय का कोळशाचं पोतं?"

"तुम्हीच येऊन बघून जा की."

"उगं कशाला खेप घालू? पाय, पाठ, दात नीट दिसू द्या. बुधवारपत्तुर फोटो आला तर गाडीच घिऊन येते."

इथं चूक माझी झाली. मी हे बहिणीला बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी हजर. "अक्का, काळं जनावर फोनच्या आवाक्यातली गोष्ट न्हाय. ह्या कॅमेऱ्यात काळ्यातला काळा वेगळा दिसतो, केस न् केस." मग त्यांनी सरपंचाला अंघोळ घालायला लावली. वाळेपर्यंत थांबवलं. ऊन कडक म्हणून पुन्हा थांबवलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून "दाजी, उरका" म्हणत होते, आणि ते श्वास रोखून बसले होते. एका बोकडाचे चारशे फोटो काढले. बॅटऱ्या संपल्या तेव्हा थांबले.

"आता पाठवा त्यांना," मी म्हणाले.

"व्हॉट्सॅपवर? अक्का, तिथं फोटो चेपतो. मग ह्या कॅमेऱ्याचा उपयोग काय? घरी जाऊन निवडतो, उद्या देतो."

सोमवारी उद्या. मंगळवारी उद्या. बुधवारी कॉम्प्युटर एवढ्या मोठ्या फायलींनी अडकून बसलाय असं कळलं. मी दाजींना फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मागंही घेत नाही. चेपलेला, मोडलेला, कसलाही एक फोटो त्या बाईंना पुरला असता. गुरुवारी त्यांचाच फोन आला. "वाट बघून म्या दुसरा आणला, बाई. राग मानू नका." त्यांच्यावर कशाला राग मानू?

सरपंचानं तिसऱ्यांदा कूड मोडला. मी आणखी चार ठिकाणी विचारलं, कुणाला बोकड नको होता. शनिवारी खाटकाला बोलावलं. मी स्वतः दावं सोडून हातात दिलं. शेळ्या पाळणाऱ्या बाईनं त्यावर रडत बसायचं नसतं, आणि मी बसले नाही.

रविवारी दाजी आले, दारात मावेना एवढा फोटो घेऊन. "अक्का, आता बोला," म्हणाले. मग रिकामा खुंटा दिसला. मी म्हणाले, "वाचा की आता वही." दाजी केलेला चहाही न घेता गेले.

तेव्हापासून आमच्याकडं येताना ते कॅमेरा आणत नाहीत. शेळी व्याली की न सांगता येतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि तिथल्या तिथं मला पाठवतात. मी शेजारीच उभी असते. करडू म्हणून त्यात एक काळा डाग असतो. मी बोलायचं ते बोलते, ते ऐकून घेतात.

तो मोठा फोटो मी भिंतीला लावलेला नाही. कपाटाच्या मागं उभा आहे. झाडताना बाहेर काढावा लागतो. फोटो चांगला आहे, हे म्हणायला मला जड जातं. केस न् केस वेगळा आहे. सरपंचाच्या डोळ्यात गोठ्याचं दार उतरलंय, आणि दारात कमरेवर हात ठेवून मी उभी आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. तोंड दिसत नाही. पण काय म्हणत होते ते मला माहीत आहे. दाजी, उरका.