पॅक करून राहिलो

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, माणूस ओळखायची एकच रीत ठाऊक आहे. त्याला पत्ते खेळायला बसवायचं, तेही जोकर लावून तीन पत्ती. "साध्या डावात माणूस लपते," ते म्हणतात, "जोकर हाती आला का उघडा पडते." लेक माझी, पण घरात सोयरिकीचा होकार त्यांचाच. आमचे हे तर मोठ्या भावानं 'हूं' म्हटल्याशिवाय चप्पलसुद्धा विकत घेत नाहीत! म्हणून लेकीनं पुण्याचा मुलगा पसंत केला तेव्हा मी त्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी यायला सांगितलं. करीला आमच्याकडे डाव मांडलेलाच असतो.

अकोला स्टेशनावरून त्याला गाडीत घेतलं आणि रस्ताभर शिकवणी दिली. गड्डीतलं एक पान उघडं ठेवतात. त्या आकड्याची बाकी तीन पानं जोकर, ती कशाच्याही जागी चालतात. त्यामुळे सगळ्यांचेच हात फुगतात, तेव्हा साधी जोडी आली म्हणून नाचायचं नाही. जोकर नसेल तर गुमान पॅक करायचं, पानं टाकून डाव सोडायचा. आणि दोन जोकर आले तर बाहेर फार तर एकच उरला, मग कोणाच्या बापाला भ्यायचं नाही. तो आपला "हो काकू, हो काकू" करत होता. गुणी पोर! इतकं गुणी, की मला तिथंच शंका यायला हवी होती.

सतरंजी पसरली, मधे पैशांऐवजी चिंचोक्यांचा ढीग. भासऱ्यासमोर पदर घेऊन आड उभं राहायची रीत आमच्या घरात पत्त्यांनीच मोडली, त्यामुळे मीही मांडी घालून बसले. सुरुवातीचे डाव पोरगा बरा खेळला. भासरे मिशीत हसायला लागले आणि माझ्या जिवात जीव आला.

मग पंजी उघडी पडली, म्हणजे बाकीच्या पंज्या जोकर. यांनी आणि मी लगेच पॅक केलं. लेक त्याच्या मागे उभी होती. तिनं त्याचे पत्ते पाहिले आणि तोंडावर ओढणी दाबली. म्हटलं, पोराला घबाड लागलं!

भासऱ्यांनी आपली पानं पाहिली, डोकं खाजवलं. "जाऊ दे बाप्पा, मी पॅक करून राहिलो."

आता हे आमचं बोलणं. 'करून राहिलो' म्हणजे करतोय. डाव सोडतोय, एवढंच. पुण्याच्या कानाला त्यातलं नेमकं 'राहिलो' तेवढं ऐकू गेलं. काका डावात राहिले असं समजून त्यानं पत्ते खाली ठेवले. "मग मीच पॅक, काका. तुमचा डाव."

भासऱ्यांनी त्याची पानं उलटली. दोन पंज्या आणि एक्का. म्हणजे तीन एक्के! याच्यावर हातच नसतो हो!

"काहून फेकलं?"

"तुम्ही राहिलात ना... मोठे आहात. म्हटलं, तुम्हाला कशाला हरवायचं?"

"भैताड!" भासरे कडाडले. "आज माह्यासाठी तीन एक्के फेकले. उद्या तुह्या मायनं डोळे वटारले तं माह्या पोरीलेई असाच फेकशीन! नाई जमत आपल्याले."

लेकीचे डोळे भरून आले. नुसता ऐकण्याचा घोटाळा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण भासऱ्यांचं म्हणणं मलाही पटलं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

पोराचे कान लाल झाले होते. "आईचे डोळे वटारून झालेत, काका," तो म्हणाला. "एवढ्या लांबची सून नको म्हणाली. संक्रांतीपासून माझ्याशी बोलत नाही. तरी तिला सांगूनच आलोय. चिंचोक्यांसाठी नाही मी कोणाशी भांडत."

"माझ्या पोरीला नको म्हणणारी ती कोण लागून गेली?" मी तिथल्या तिथे उसळले. हे "अगं, अगं" करायला लागले. भासऱ्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग पोराकडे वळले.

"लाव तुह्या मायले फोन. सांग, पोरीचा मोठा बाप बोलून राहिला."

"काका, जरा सांभाळून बोला हं, ती..."

"तू चूप! तीन एक्के फेकणाऱ्यानं सल्ले नाई द्याचे."

पलीकडे घंटी वाजायला लागली. भासऱ्यांनी टोपी सरळ केली, घसा खाकरला. लेकीनं माझा हात घट्ट धरला होता. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही त्या बाईचं.