कैलासनं मिशीपन काढली!

लावा पैज! ह्या किश्शात शेवटी कोन बुडालं, ते ओळखून दाखवा. नाय ओळखनार, आत्ताच सांगून ठेवतो.

नोकरीनं हिंदी मुलखात नेलं, तिथंच रेल्वेतून रिटायर झालो आन केस वाढवले. पार पाठीवर शेपटा! जगतपुऱ्यात आमच्या गल्लीतली पोरं 'बाबाजी' म्हनून पाया पडायची, मीपन खुशाल आशीर्वाद द्यायचो. बायको, शांता, तेवढी कावायची. "माझ्यापेक्षा तुमची वेनी लांब! लाज वाटत नाय?"

गावातच मानसरोवर भागात ऱ्हानारी माझी नात एक दिवस म्हनली, "आबा, कॅन्सरच्या औषधानं ज्यांचे केस जातात ना, त्यांच्यासाठी टोप बनवतात. देऊन टाका की."

म्हनलं, "पांढरे चालतील?"

"का? म्हातारे आजारी पडत नाहीत?"

घ्या! झालो तयार.

शांता भुसावळला भावाकडं गेलेली. म्हनलं, ती यायच्या आत उरकू, खूश होईल बाई. कैलास न्हाव्याकडं गेलो. वेनी कापली, नात घेऊन गेली. मग मी म्हनलं, "भैया, अब पूरा साफ कर दो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले त्याचे. डोकं केलं, आन काय बोलायच्या आत चर्रकन मिशी!

"अरे, मूंछ क्यों?"

"बाबूजी, ऐसे टाइम पे मूंछ नहीं रखते." आन पैसे घेईना, हात जोडून उभा!

त्या मुलखात घरात कोनी गेलं की डोकं-मिशी दोन्ही उतरवतात. झालं! आता तिथंच 'कोनी मेलं नाय रे बाबा' म्हनायला माझी जीभ झडली होती का? पन माझा सोभाव! म्हनलं, बघू तर गंमत.

घरी आलो तर शेजारचे बनवारीजी दारात. माझं डोकं बघितलं, घराचं कुलूप बघितलं. "भाभीजी... भुसावळ में ही...?"

मी नुसतं आभाळाकडं बघितलं. एक शब्द बोललो नाय, खरंच!

तासाभरात डबे सुरू. दुखाच्या घरी चूल पेटवत नाय ना! कढी काय, बेसनाच्या गट्ट्याची भाजी काय, तूप चोपडलेले फुलके काय! शांता गेल्यापासून मी पोह्यांवर जगत होतो हो. म्हनलं, एवढं जेवन होऊ दे, मग सांगतो. मग रातचं होऊ दे. मग सकाळचं...

शेवटी शांता गाडीत बसली, तशी माझी फाटली. बनवारीजींना गाठलं. "भाईसाब, वो जिंदा है! कल आ रही है!"

त्यांनी मला छातीशीच धरलं. बायकोला म्हनले, "सदमा लगा है. अकेला मत छोड़ना."

शांताला फोन लावून दिला, तर गाडीत रेंज नाय!

दुसऱ्या दिवशी 'तीये की बैठक', म्हंजे मयतानंतर तिसऱ्या दिवशी सगळे येऊन गप बसतात ती. दारापुढं सतरंजी, खुर्चीवर शांताचा फोटो, फोटोला हार. मधोमध मी, तुळतुळीत. आन ऑटो थांबली.

शांता उतरली. एक बाई किंचाळली, बनवारीजी दुसऱ्याची जुती घालून पळाले. शांतानं फोटो बघितला, हार बघितला, मला बघितलं.

"आधी मिशी कुठाय ते सांगा!"

सगळं सांगितलं. गट्ट्यासकट. संध्याकाळी मी हळूच इचारलं, "जेवायला काय?"

"मेलेली बाई सैपाक करते व्हय?"

आन निकाल दिला, केस पयल्यासारखे पाठीवर येईपर्यंत चूल माझी! मी म्हनलं, ठीक हाय, केसच ते, येतील.

आले की! कडेनं झक्कास आले. पन मधी? नुसतं वाळवंट! शांता रोज हौसेनं तेल चोळते आन खुदुखुदु हसते. काल कैलासला दाखवलं. त्यानं बोट फिरवून बघितलं आन म्हनला, "बाबूजी, यहाँ अब कुछ नहीं उगेगा."

चला, उठतो. कनीक मळायचीय.