लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी जागा

आमच्या घरात लग्नपत्रिका कुणी टाकत नाही. वर गणपती छापलेला, रद्दीत कसा घालणार? लोकांकडे त्या कपाटावर धूळ खात पडतात, आमच्याकडे त्यांची चोरी होते. चोर घरातलाच. अंबडच्या कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं घडवण्यात, जन्म काढून निवृत्त झालेले आमचे हे. गणपतीचा भाग तेवढा कापून देवाजवळ ठेवतात आणि उरलेल्या पत्रिकेच्या पट्ट्या करून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेतात.

तिथे ह्यांचं सुतारकाम चालतं. निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला जातात, ह्यांनी राउटर आणला. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं हातातलं मशीन. आवाज असा, की खाली कुकरची शिट्टी झाली की नाही कळू नये. हे मशीन आपल्या मनानं सरळ जात नाही. त्याला धाकात ठेवायला लाकडाचे आधार बनवावे लागतात, त्यांना म्हणायचं जिग. दुकानात तयार मिळतात म्हणे, पण विकत आणतील तर ते आमचे हे कसले! जुन्या पलंगाची फळी, मोडक्या कपाटाची पट्टी, माझं पोळपाट, सगळ्याचे जिग झाले. हो, पोळपाट. चांगलं होतं, मोडकं नव्हतं. त्यावरून आमचं जे काही झालं ते शेजारच्यांना अजून पाठ आहे.

आणि पत्रिका कशाला? तर खाच केसभर रुंद करायची असली की जिग आणि मशीन यांच्यामध्ये पत्रिकेची पट्टी ठेवायची, जिग पक्का आवळायचा आणि पट्टी काढून घ्यायची. पट्टीची जेवढी जाडी, तेवढंच मशीन सरकतं. नेमकं तेवढंच. मखमली, फुगीर पत्रिका बाद. “नुसता थाट. दाबली की बसते,” असं म्हणून बाजूला टाकतात, मग ती माझ्या माहेरची का असेना. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी पोट धरून हसले. मग त्या खाचेवरून बोट फिरवलं. काय सुरेख काम होतं! तोंडावर बोलले नाही, उगाच चढून बसतील.

माझी थोरली बहीण इगतपुरीला असते. मेहुणे रेल्वेत होते, ते गेल्यापासून एकटीच. सांधेवातानं तिची बोटं वाकडी झालीत, पकड म्हणून राहिली नाही. मुलगा पुण्याला, चांगला आहे, सारखा म्हणतो चल आई. पण ताई म्हणजे ताई. तिनं त्याला एकदाच सांगून टाकलं, “ज्या दिवशी माझ्या हातानं देवाची पूजा होणार नाही, त्या दिवशी येईन. तोपर्यंत विषय काढायचा नाही.” आणि तिच्या जुन्या देवघराची कडी तिला दिवसेंदिवस जड होत चालली होती. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

मी ह्यांना सांगितलं, आणि ह्यांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. खुर्चीत बसून पूजा करता येईल इतक्या उंचीचं सागवानी देवघर. कडी नाही, मूठ नाही. खाचेत सरकणारी दोन दारं, नुसत्या एका बोटानं ढकलायची. भर मे महिन्यात पत्रा तापलेला, घामाच्या धारा, आणि हे एकेक खाच मापून घेतायत. दार असं बसलं की फटीतून उजेड दिसेना. मी म्हटलं, “अहो, जरा सैल ठेवा. इगतपुरीची आहे मी. पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगतात.” तर म्हणाले, “अगं, आयुष्यभर लोखंडात केसाचा फरक पकडलाय मी. सैल काम माझ्या हातून होत नाही.” झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

देवघर पोचलं. ताईनं एका बोटानं दार सरकवलं, देव मांडले आणि फोनवर लहान मुलीसारखी हसली. ह्यांची कॉलर महिनाभर ताठ.

मग तिकडचा पाऊस लागला. इगतपुरीचा पाऊस म्हणजे डब्यातले पापड मऊ पडतात, काडेपेटी ओढून ओढून हात दुखतो. एका सकाळी ताईचा फोन आला. “अगं, देव आत अडकलेत.” मला आधी हसूच आलं. मग ती म्हणाली, “दोन्ही दारं हलत नाहीत. दोन दिवस झाले. रविवारी मुलगा गाडी घेऊन येतोय. ठरल्याप्रमाणे जाते आता.” आणि रडली. आमची ताई मेहुणे गेले तेव्हा लोकांसमोर रडली नव्हती.

माझा असा भडका उडाला! “ऐकलंत का? केसाचा फरक पकडणारे! देवांना कोंडून ठेवलंत तुम्ही!” एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण उठून जिन्याकडे वळले. गच्चीवर गेले. मला वाटलं रुसले. खाली आले ते राउटर, जिग आणि हत्यारांची पिशवी घेऊन. म्हणाले, “चल.”

इगतपुरीच्या वाटेवर घोटीच्या पुढे तर पावसात समोरचं काही दिसत नव्हतं. ताईकडे पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसून बंद दारांना हळदकुंकू वाहत होती. जास्वंदीचं फूल बाहेरच, उंबऱ्याशी ठेवल्यासारखं. ते पाहून ह्यांचा चेहराच उतरला. “ताई, चूक माझी आहे,” म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेही बहिणीच्या वाट्याचं.

मला वाटलं आता पटाशी घालून दारं फोडणार. छे! वरची फळी त्यांनी मुळात डिंकानं चिकटवलीच नव्हती, स्क्रूनं बसवली होती. “परत उघडता येणार नाही अशी वस्तू करायची नाही, हे टूलरूमनं शिकवलंय,” असं म्हणत फळी अलगद उचलली, दारं बाहेर काढली. ताईनं दोन्ही तळहातांत धरून एकेक देव पाटावर घेतला. मी ते बघत राहिले, आणि खरं सांगते, माझा सगळा राग तिथेच विरघळला.

“पाऊस आहे ते बरंच झालं,” हे म्हणाले. “लाकूड आत्ता जेवढं फुगायचं तेवढं फुगलंय. आत्ता जागा दिली की बारा महिने चिंता नाही.” जिग आवळायला घेतला आणि पिशवी उघडून बघतात तर पत्रिकांच्या पट्ट्यांचा भिजून लगदा. “ताई, एखादी पत्रिका आहे का घरात? साधी, जाड कागदाची?”

ताई आत गेली, बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका होती. सगळ्यात आधी देवापुढे ठेवलेली, अक्षतांचे डाग अजून तसेच. “ताई, ही नको,” मी म्हटलं. “दुसरी नाही गं,” ती म्हणाली. “आणि कागद चांगला आहे.” ह्यांनी पत्रिका दोन बोटांत दाबून पाहिली, मान हलवली, गणपतीचा भाग कापून तिच्या हातात दिला आणि पट्ट्या केल्या. पट्टी ठेवली, जिग आवळला, पट्टी काढली. मशीन सुरू झालं. मध्येच लाइट गेली, आम्ही चहा घेतला, लाइट आली, परत सुरू. भुसा माझ्या केसांत, चहात, सगळीकडे.

दारं बसवून झाल्यावर ह्यांनी खाचेत मेणबत्ती घासली आणि बाजूला झाले. “बघा, ताई.” स्वतः हात लावून बघितलं नाही. एवढा पक्का माणूस, पण पाठमोरे उभे राहिले.

ताईनं वाकड्या बोटाचं पेर टेकवलं. दार गेलं. परत आणलं, परत गेलं. देव आत बसले, त्यांच्याशेजारी पत्रिकेवरचा तो कापलेला गणपती. “दाजी,” ती एवढंच म्हणाली. हे मान खाली घालून हत्यारं पुसत होते. त्या वेळी मला माझ्या नवऱ्याचा जो अभिमान वाटला, तो मी गाडीत बसल्यावर सरळ बोलून दाखवला. पोळपाटही माफ केलं.

पण त्याआधी ताईनं मुलाला फोन लावला. “रविवारी येतोयस ना? ये. सूनबाईलाही आण, जेवायलाच या.” पलीकडून त्यानं सामानाचं विचारलं असावं. ताईनं फोन कानाशी धरून ठेवला आणि रिकाम्या हाताच्या पेरानं दार पुन्हा एकदा सरकवून पाहिलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “माझी पूजा चालू आहे.”