पुढच्या सीटवरची झोप

माझी शेवटची पोस्टिंग लडाखला होती. हवालदार, रेडिओ ऑपरेटर. आता बाळकुमला राहतो. आमची शेती होती तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. यंदा कॉम्प्लेक्समधल्या ज्येष्ठ मंडळींची लडाखची सहल ठरली आणि सेक्रेटरीबाईंनी मला हॉलमध्ये बोलावलं. "म्हात्रे, तुम्ही फौजी माणूस. प्रवासात आरामात झोपायचं कसं, ते जरा सांगा ना." सैन्यात उभी जवानी काढली, त्यातलं यांना एवढंच हवं होतं. सांगितलं.

गळ्यात घालायची हवेची उशी गच्च फुगवू नका, मान पुढे ढकलली जाते. बोटाने दाबली तर सहज दबेल इतकीच हवा भरा. उशीची उघडी फट मानेमागे घ्या, म्हणजे हनुवटीला आधार मिळतो. उंचीवर उशी आपोआप फुगते, तेव्हा घाट चढताना थोडी हवा सोडा. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ही विद्या मला कोणी शिकवली, हे कोणी विचारलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

लान्स नायक संदीप घाडगे, ड्रायव्हर, राहणार विठ्ठलवाडी. आमची दोघांची सुट्टी एकाच वेळी संपली होती. कल्याण स्टेशनबाहेर त्याने निळी उशी घेतली आणि जम्मूपर्यंत तिचं कौतुक ऐकवून माझं डोकं खाल्लं. "दादा, फुल नाय भरायची रे. अर्धीच. बघ, एकदम घरच्यासारखी झोप लागते." घोरायचा मात्र असा, की त्याची उशी मऊ आणि जागरण आमचं.

कॉन्व्हॉयचा एक नियम आहे. ड्रायव्हरच्या शेजारी बसतो तो को-ड्रायव्हर. त्याने झोपायचं नाही. ड्रायव्हरशी बोलायचं, पाणी द्यायचं, त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं. शिपाई असो की साहेब, त्या सीटवर बसला की हेच त्याचं काम.

त्या दिवशी आम्ही खाली उतरत होतो. संदीपचा जोडीदार ड्रायव्हर उंचीच्या त्रासाने हॉस्पिटलात होता, त्यामुळे सलग दुसऱ्या दिवशी संदीप एकटाच चालवत होता. वाटेत एका मेजर साहेबांची जीप बंद पडली. त्यांना सुट्टीचं विमान गाठायचं होतं. ते संदीपच्या ट्रकमध्ये पुढे बसले. जेवणाच्या हॉल्टवर मी शेजारीच उभा होतो.

"घाडगे, वो तकिया दे."

"जी साहब." संदीपने उशी स्वतः फुगवून दिली. अर्धीच.

मी मागच्या, तीन नंबरच्या गाडीत रेडिओ सेटवर होतो. दुपारचं ऊन काचेतून सरळ तोंडावर येत होतं. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली नदी. पुढचा संदीपचा दोन नंबरचा ट्रक हळूहळू डावीकडे सरकायला लागला.

"टू, टू, धीस इज थ्री. लेफ्ट जा रहे हो. ओव्हर."

उत्तर नाही. त्या ट्रकमधला सेट साहेबांच्या मांडीवर होता.

"टू, जवाब दो. ओव्हर."

आमच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. चाक कडेला गेलं तेव्हा ट्रकला झटका बसला. संदीपने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ओढलं. ट्रक वाचला, पण ड्रायव्हरची बाजू डोंगरावर आदळली. आम्ही पोचलो तेव्हा संदीप गेला होता. साहेब डाव्या दाराने स्वतः उतरले. कपाळावर खरचटलं होतं. उशी गळ्यात होती, हवा शाबूत. डॉक्टर पुढे म्हणाले, उशीमुळे मान वाचली.

इन्क्वायरीत साहेबांनी सांगितलं, मी जागा होतो, ड्रायव्हरला अचानक डुलकी लागली. मग माझी साक्ष झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं,

"तुम्ही मागच्या गाडीत. मध्ये धूळ. साहेब झोपले होते हे तुम्हाला दिसलं?"

"नाही सर. पण सेटवर उत्तर आलं नाही. आणि उशी गळ्यात होती."

"गळ्यात उशी म्हणजे झोप नव्हे."

ठपका ड्रायव्हरवर आला. मेलेल्या माणसावर खापर फोडायला हिंमत लागत नाही. मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो.

मी विठ्ठलवाडीला गेलो. संदीपची बायको उज्ज्वला हिच्या कानावर ते आधीच आलं होतं. नातेवाईकच कुजबुजत होते, गाडी चालवताना झोपला म्हणे. तिने चहा ठेवला आणि सरळ विचारलं.

"दादा, खरं सांगा. ह्यांना झोप लागलेली?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "लागली असणार. दोन दिवस एकटा चालवत होता."

"शेजारी कोणी नव्हतं उठवायला?"

"होते. साहेब होते."

"ते काय करत होते?"

"झोपले होते."

 तिने पदराने डोळे पुसले.

"म्हणजे दोघं झोपलेले. आणि गाडी वळवली ती ह्यांनीच ना?"

"हो," मी म्हटलं. "जागा झाला तो संदीपच."