तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला

“पॅरालिसिसचा पेशंट, आणि तुम्ही त्याला ड्रमांवर बांधलेल्या फळ्यांवर नेऊन ठेवणार? मॅडम, डोकं ठिकाणावर आहे ना?” आमच्या क्लिनिकचे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले.

“पेशंट जाणारच आहे, सर. मुलानं बुकिंग करून टाकलंय. प्रश्न एवढाच आहे की मी बरोबर जाऊ की नको.”

“नको.”

“बरं,” मी म्हटलं आणि शनिवारची रजा टाकली.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची कराडची. नवरा इथं कंपनीत लागला म्हणून बोईसरला आले आणि इथलीच होऊन गेले. लोक मला ‘मसाजवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मी दर वेळी तेवढीच चिडते. अहो, मी मसाज करत नाही. मी माणसाला बसतं, उठतं, चालतं करते. आता त्यात मधूनमधून पाय चोळावा लागतो ती गोष्ट वेगळी.

पेशंट म्हणजे इथून जवळच, समुद्राकाठच्या नवापूरचे धर्माकाका. उभा जन्म बोटीवर गेला, आणि त्यातली बरीच वर्षं तांडेल म्हणून, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. तांडेलानं सांगितलं की खलाशांनी ऐकायचं, तिथं चर्चा नाही. अशा माणसाला लकवा मारला, उजवी बाजू गेली, आणि तोंडातून ‘हं’ आणि ‘नाय’ याखेरीज काही येईना. घरात समुद्राकडे तोंड करून ठेवलं तर मान फिरवायचे.

आमच्याकडे ‘ट्रान्सफर’ म्हणून एक शब्द आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासाला, असं स्वतःचं अंग स्वतः हलवणं म्हणजे ट्रान्सफर. चालणं पुढचं. ट्रान्सफर जमला की माणूस घरात राहू शकतो, नाही जमला की त्याला उचलायला कुणीतरी लागतं. काकांच्या बाबतीत ते कुणीतरी म्हणजे हिराकाकी.

आता गंमत बघा. काकांच्या पायात जोर परत आला होता. मी तपासायची तेव्हा माझ्या तळहाताला लागायचा. पण ते उठायचे नाहीत, कारण उठायची वेळच यायची नाही. त्यांनी पाय नुसता हलवला की काकी धावल्याच. काखेत हात घालून उचलणार, घास भरवणार, माशी बसली तर ती पण ह्याच उडवणार. मी हात जोडून सांगायची, “काकी, हात काढा. त्यांना करू द्या.”

“पडतील गो बाय.”

“मी आहे ना धरायला.”

“तू काय आमच्या घरी ऱ्हातेस?”

प्रेमच ते. पण त्या प्रेमानं काका खुर्चीत रुतत चालले होते आणि काकींची कंबर कामातून गेली होती. सरांनी एक्स-रे बघून काकींना सांगितलं, यापुढं वजन उचलायचं नाही. काकी “हां हां” म्हणाल्या आणि घरी जाऊन पुन्हा काकांना उचललं.

मग जितेशनं, त्यांच्या मुलानं, ठरवून टाकलं. तो बोईसरला पॅकिंगच्या कंपनीत आहे, सालवडला भाड्यानं राहतो.

“बाबा सालवडला माझ्याकडे. दिवसा एक माणूस ठेवतो उचलायला. आई घिवलीला, ताईकडे.”

“दोघांना वेगळं करणार तू?”

“मॅडम, मला तरी कुठं बरं वाटतंय? एक खोली, त्यात आमी चौघं. आईला कुठं झोपवू? आणि ती समोर असली की उचलणारच. मग ती पण पडेल अंथरुणाला.”

चुकीचं काय बोलत होता? काहीच नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

त्या आधी दोघांना एकदा कुठंतरी फिरवून आणायचं त्याच्या मनात होतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं नोकरी सोडून कासा गाव ओलांडून आत, सूर्या नदीच्या एका संथ वळणावर, तराफे बांधले होते. रिसॉर्ट म्हणायचं आपलं. खाली कंपनीतले निळे ड्रम, वर बांबू आणि फळ्या, त्यावर कुडाची खोली, पुढं बसायला ओटी. सगळं दोरांनी काठावरच्या झाडांना बांधलेलं. टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही, संडास काठावर. जेवण चुलीवरचं. एक रात्र राहायचं, आणि परतताना बाबांना सालवडला उतरवायचं, आईला घिवलीला सोडायचं. गाडीच्या डिकीत दोन पिशव्या वेगवेगळ्या भरलेल्या मी स्वतः पाहिल्या.

तराफ्यावर चढायच्या फळीपाशी काका अडले. आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून धरलेलं आणि हे गुरगुरतायत. मला वाटलं घाबरले. काकी म्हणाल्या, “तुज्या पायातलं काड. बोटीवर वाना घालून जात नाय आमी.”

“काकी, ही बोट नाही, तराफा आहे.”

“पान्यावर हाय ना?”

झालं. सगळ्यांच्या चपला काठावर. काकांच्या पायात मी घोट्याला आधार देणारा स्प्लिंट आणि बूट घातला होता. त्याच्याकडे बघून पुन्हा गुरगुर. तोही काढला. मनात म्हटलं, सरांना कळलं तर माझी काही खैर नाही.

दुपारी जेवण आलं. भात, कोंबडीचा रस्सा, नाचणीची भाकरी. काकांची खुर्ची ओटीच्या एका कडेला, नदीकडे तोंड करून. आणि अर्थातच सगळे तिथंच. डावीकडे काकी ताट घेऊन, उजवीकडे जितेश पाणी घेऊन, पाठीमागे मी, काकांना घातलेल्या लाईफ जॅकेटचा पट्टा धरून. नवापूरच्या घरात जसे घेरून बसायचो तसेच. बाकी सगळा तराफा मोकळा.

मालक काठावरून ओरडला, “एका साईडला नका बसू!” आम्ही “हो हो” म्हटलं. हललं कोणीच नाही.

तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या घ्यायला आणखी कडेला झुकले आणि तराफा कलला. फार नाही, पण फळ्यांच्या फटीतून पाणी वर आलं आणि ताटातला रस्सा भाकरीवरून वाहत काकींच्या लुगड्यावर गेला. काकी “अगो आये!” करून काकांना बिलगल्या. जितेशनं बाबांचा दंड पकडला. मी खुर्ची धरली. म्हणजे आमचं सगळ्यांचं वजन आणखी त्याच कडेला. तराफा आणखी कलला. खाली ड्रम कुरकुरले. मला पोहता येत नाही हे मला तेव्हा आठवलं.

“तिकडं!”

कोण बोललं ते पहिल्यांदा कळलंच नाही. इतक्या महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. जड, बोबडा, पण हुकूम म्हणजे हुकूम.

“सगले! तिकडं!”

काकी उठल्या. ज्या बाईला मी हात जोडून जोडून थकले, ती बाई एका शब्दावर हात सोडून सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. जितेश तिच्या मागे. राहिले मी. काकांनी डावा हात वर करून मलाही दाखवलं, तिकडं.

खरं सांगते, पट्टा सोडवेना. ‘हँड्स ऑफ’ हे मीच रोज दुसऱ्यांना सांगते. पेशंट पडला तर जबाबदारी माझी, तिथं पोचायला मला वेळ लागणार, हे सगळं डोक्यात होतं. पण फटीतलं पाणीही दिसत होतं. सोडला पट्टा आणि गेले.

आम्ही तिघं त्या टोकाला आणि काका एकटे या टोकाला. आता तराफा आमच्या बाजूला झुकला. काकांनी खाली बघितलं. उघडा उजवा पाय फळीवर थोडा मागे घेतला. मी ते लगेच ओळखलं, कारण खुर्चीतून उठायच्या आधी पाय मागे घ्यायचा असतो. मी महिनोन्महिने घोटून घेत होते तीच गोष्ट. मग छाती पुढं आली. डावा हात खुर्चीच्या हातावर दाबला. आणि ते उठले.

उठून ताठ उभे नाही राहिले हं. गुडघे थोडे वाकलेले, पाय फाकलेले, बोटीवर राहतात तसे. कडेच्या बांबूकडे अर्धं पाऊल सरकले, आणि तराफा समतोल झाला. पाणी फटीतून खाली गेलं.

काकी उठायला गेल्या. काकांचा हात वर. “बस.”

काकी बसल्या आणि रडायला लागल्या. जितेश तोंडावर हात ठेवून बसला होता. मीही रडत होते, मला लाज नाही वाटत सांगायला. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण असा ट्रान्सफर मी पाहिला नव्हता.

मग काका सावकाश खाली बसले. उभं राहण्यापेक्षा बसणं अवघड असतं, लोकांना वाटतं उलट. वजन पेलत पेलत गुडघे सोडावे लागतात, नाहीतर माणूस धप्पकन आदळतो. काका आदळले नाहीत. बसून झाल्यावर ताटाकडे बोट दाखवलं आणि डाव्या हातानं स्वतः जेवले. निम्मा भात नदीतल्या माशांना गेला.

लुगड्यावरचा रस्सा धूत काकी मला म्हणाल्या, “लगीन होऊन आले ना गो बाय, तवा ह्यांनी मला होडीतून नेलेलं. मी आपली ह्यांच्याजवल जाऊन बसले. नवी नवरी मी! तर म्हंतात, तिकडं बस त्या टोकाला, नायतर दोगं बुडू. मला इतका राग आला. वाटलं, ह्या मानसाला मी आवडतच नाय.”

“मग?”

“मग काय? बसले त्या टोकाला. सगली वाट माज्याकडं बघून हसत व्हते.”

काकांनी ऐकलं होतं. डावी मिशी हलली.

त्या दिवशी मी व्यायाम घेतलाच नाही. नदीनंच घेतला. काकी पाण्याचा तांब्या आणायला उठल्या की काका अंग इकडे करणार, जितेश काठावर उतरला की तिकडे. जमीन हलत नाही म्हणून शरीर आळशी होतं. हलती फळी पायाखाली आली की तळव्याला सारखं सावध राहावं लागतं. क्लिनिकमध्ये मी त्यासाठी पेशंटला हवा भरलेल्या गादीवर उभं करते. काकांना गादीचा भारी तिटकारा होता, नदीचा नव्हता.

सकाळी चहाच्या आधी मी ओटीवर आले तर काका खाटेच्या काठाला बसलेले, समोर खुर्ची. पाय मागे, छाती पुढं, उठले, वळले, बसले. ट्रान्सफर. काकी समोरच्या टोकाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात कुठं दिसेनात. बघते तर दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवलेले. स्वतःच्या हातांवर बसली होती बाई! “सुटले की धावतात मेले,” म्हणाल्या.

निघताना सामान काकींनी भरलं. डिकी उघडली तर एकच पिशवी, टच्च फुगलेली, बंदानं बांधलेली. जितेशनं ती बघितली. आईकडे बघितलं. मग डिकी लावून टाकली.

बोईसरला पोचल्यावर सालवडच्या फाट्याशी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागे काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे हात पुन्हा मांड्यांखाली होते.

“आई, तू उचलणार नायस ना?”

“नाय.”

“शपथ?”

“अरे, ते उचलूच देत नाय आता. तुज्या बापाला इच्यार.”

“नाय,” मागून काका म्हणाले. तोच जुना ‘नाय’. पण असा गोड मी कधी ऐकला नव्हता. जितेशनं डोळे पुसले आणि गाडी नवापूरच्या रस्त्याला घेतली.

सोमवारी सरांनी विचारलं, “काय मॅडम, बुडलात की नाही?”

“थोडक्यात वाचलो, सर.”

जितेश काकांना क्लिनिकमध्ये घेऊन आला होता. सरांनी त्यांना तपासलं, चार वेळा उठबस करायला लावली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “हे कसं केलंत?” मी म्हटलं, “मी काही नाही केलं, मी लांब जाऊन बसले.” त्यांना तो उद्धटपणा वाटला. वाटू दे.

पुढं बरेच आठवडे मी नवापूरला जात राहिले. काका आता दारापर्यंत काठीनं जातात, समुद्राकडे तोंड करून बसतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या जाळ्यांना नावं ठेवतात. अजून बोबडं बोलतात. काकींची पाठ दुखते, पण कमी. घराच्या ओटीवर त्यांनी दोन बसायच्या जागा केल्यात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये कुणी बसलेलं त्यांना चालत नाही.

मागच्या खेपेला काका उंबरठा ओलांडत होते. पाय जरा अडखळला आणि माझा हात आपोआप त्यांच्या कोपराखाली गेला. सवय आहे, धंदाच तो. काका थांबले. माझ्याकडे वळून बघितलं.

“तिकडं.”

गेले मी निमूट, काकींच्या शेजारी बसले. काका उंबरठ्याशी झटत होते आणि मला बघवत नव्हतं. काकींनी माझ्या गुडघ्यावर हळूच चापटी मारली.

“हातावर बस, बाय,” म्हणाल्या. “मंग जमतं.”