दादाचा नवा आवाज

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यातून दादा घरी परतला, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, कन्हानच्या शाळेत इतिहासाचा मास्तर. साखरेचा त्रास त्याला आधीपासून होता. स्टिरॉइडनं ती आणखी चढली. मग गाल दुखायला लागला. दाढ असेल, म्हणून तो तोंडात लवंग धरून बसायचा.

एका सकाळी दाढी करून तो चहाला बसला. वहिनी ओरडली, "अवो, रगत!" गाल कापून बनियनवर थेंब पडले होते.

"कुठं? मले त काहीच समजलं नाही."

वहिनीनं त्याच्या गालाला चिमटा काढला. त्याला तोही कळला नाही. चहा तसाच ठेवून ती त्याला नागपूरला घेऊन आली. प्रताप नगरातल्या माझ्या घरून निघून मी दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टर नाकात दुर्बीण घालून पाहत होते. पडद्यावर आतली कातडी काळी पडलेली दिसत होती.

"ही बुरशी हवेत असतेच," ते म्हणाले. "आपण सगळेच ती रोज श्वासातून घेतो. साखर वाढली, अंगातली ताकद गेली, की ती नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत घर करते. रक्त पोचू देत नाही. जिवंत भाग मरत जातो."

जबड्याचा आणि टाळूचा तुकडा काढावा लागणार होता. डावा डोळाही. उत्तर दादानंच दिलं, "काढा डॉक्टर. एका डोळ्यानंही दिसते."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काहून रडून राहिली वं? जीव त राहते ना."

त्या दिवसांत बुरशीवरचं इंजेक्शन मिळणं मुश्कील होतं. वहिनी दवाखान्यात थांबायची आणि मी औषधांची दुकानं पालथी घालायचे. मिळालं, म्हणून तो राहिला. सगळ्यांना मिळालं नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वाचले नाहीत. त्यांच्या बायकोनं जाताना उरलेली मोसंबी वहिनीच्या हातात दिली.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर दादा पाणी प्यायला, की ते नाकातून यायचं. बोलणं नुसतं घुमायचं. ते फक्त वहिनीला समजायचं. तो पाटीवर लिहायला तयारच नव्हता. "हं, पुन्हा बोला," असं ती न कंटाळता म्हणत राहायची.

पुढं टाळूचं भोक झाकायला प्लेट बसवली, तसं बोलणं स्पष्ट झालं. एका दुपारी अनोळखी आवाजात फोन आला. मी म्हटलं, "रॉंग नंबर."

"रॉंग कसा? तुह्या भावाचाच हाय," आणि पलीकडून खदखदून हसू आलं. हसणं तेवढं जुनं होतं.

आता तो पुन्हा वर्गात शिकवतो. मुलांना त्याचा हाच आवाज माहीत आहे. जुना आवाज मला अजून आठवतो, पण तसं मी त्याला कधी सांगितलेलं नाही.